साथीच्या काळात लघवी, किडनी किंवा अंडकोषाची इमर्जन्सी आली तर काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडच्या लाटांमध्ये हेच प्रश्न फिरून फिरून यायचे, आणि उद्या दुसरी कुठली साथ आली तरी थोड्याफार फरकानं हेच येणार, म्हणून एका जागी लिहून ठेवलंय. ज्यांना आत्ता त्रास होतोय त्यांनी थेट दुसरा प्रश्न वाचा, बाकीचं नंतर निवांत.

साथ आली की युरॉलॉजीची (लघवी, किडनी आणि पुरुषांच्या अवयवांच्या आजारांची) इमर्जन्सी सेवा बंद होते का?

नाही होत. बंद होतं ते ठरवून करायचं काम, म्हणजे प्रोस्टेटचं (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचं) ऑपरेशन, त्रास न देणारा मुतखडा, फॉलोअपच्या तपासण्या वगैरे. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला महामारी म्हटलं आणि त्यानंतर लगेचच युरोपियन युरॉलॉजी संघटनेनं कामाची सरळ चार गटांत विभागणी केली: काही गोष्टी सहा महिने थांबल्या तरी चालतील, काही तीन महिन्यांच्या पुढे नकोत, काही सहा आठवड्यांच्या पुढे नकोत, आणि चौथा गट इमर्जन्सीचा, जो २४ तासही थांबवायचा नाही. हा चौथा गट साथीतही तसाच राहिला. पण लोकांनी काय ऐकलं, तर "ऑपरेशनं बंद आहेत". आणि बातमी खोटीही नव्हती, पहिल्या लाटेच्या १२ आठवड्यांत जगभरात मिळून साधारण २ कोटी ८४ लाख ठरलेली ऑपरेशनं रद्द होतील किंवा पुढे जातील असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज होता, तेव्हा ज्याला खरंच इमर्जन्सी आहे त्यालाही वाटलं की आपलाही नंबर त्यातच गेला.

कशासाठी अजिबात थांबायचं नाही?

अंडकोषात अचानक सुरू झालेलं जोरदार दुखणं. लघवी पूर्ण अडकणं आणि ओटीपोट फुगून तट्ट होणं. मुतखड्याच्या कळा आणि सोबत ताप किंवा थंडी वाजून येणं. एकच किडनी असलेल्या माणसाला कळा येणं, किंवा दोन्ही बाजू अडकून लघवी तयारच न होणं. लघवीतून रक्ताच्या गाठी पडणं. इच्छा नसताना लिंगाचा ताठरपणा चार तासांपेक्षा जास्त टिकणं. लिंगाच्या टोकावरची मागे गेलेली कातडी पुढे न येणं आणि टोक सुजत जाणं. संबंधाच्या वेळी "कट्" असा आवाज येऊन लिंग लगेच काळंनिळं होणं. अंडकोषाच्या पिशवीची किंवा आजूबाजूची कातडी लाल-काळी पडून दुखणं, वास येणं, त्यातून डायबेटिस असेल तर जास्तच. आणि कुशीला किंवा जांघेत जोराचा मार लागून लघवी लाल होणं. यातलं काहीही असेल तर बाहेर लॉकडाऊन असो की आणखी काही, निघायचं.

मुलाच्या अंडकोषात दुखतंय, सकाळपर्यंत थांबू का? हॉस्पिटलमध्ये इन्फेक्शन लागेल अशी भीती वाटते.

थांबू नका. यावर जरा सविस्तर लिहितो कारण इथे तास मोजले जातात. अंडकोष ज्या दोरीसारख्या नळीला लटकलेला असतो तिला पीळ पडला की रक्तपुरवठा तुटतो. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर दहातले नऊ तरी अंडकोष वाचतात, बारा तास झाले की शक्यता झपाट्यानं खाली येते आणि २४ तासांनंतर वाचण्यासारखं फारसं काही उरत नाही, मग काढूनच टाकावा लागतो. वय बहुतेक वेळा १२ ते १८ च्या आसपास, पण लहान बाळांत आणि मोठ्यांतही होतं.

घोळ कुठे होतो तर बरीच मुलं लाजेनं जागा सांगतच नाहीत, "पोटात दुखतंय" म्हणतात, उलट्या होतात, घरचे पोटाचं औषध देतात आणि त्यात रात्र जाते. साथीच्या दिवसांत तर पोटदुखी-उलटी म्हटलं की आधी साथीचाच संशय येतो, त्यामुळे आणखी उशीर. म्हणून मुलगा खालच्या पोटात दुखतंय म्हणत असेल तर सरळ विचारा, खाली दुखतंय का, आणि बघा. दुखणारा अंडकोष दुसऱ्यापेक्षा वर चढलेला किंवा आडवा दिसला तर एक मिनिट घालवू नका. निघताना त्याला काही खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. आणि मध्येच दुखणं आपोआप थांबलं तरी दाखवा, पीळ सुटून पुन्हा पडू शकतो.

डॉक्टरांना संशय पक्का वाटला तर ते सोनोग्राफीसाठी न थांबता थेट ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नेतात, त्यावरून वाद घालू नका, ते बरोबरच करताहेत.

साथीत खरंच लोक उशिरा आले का, की नुसतं म्हणायचं?

बऱ्याच देशांत पहिल्या लॉकडाऊनमध्ये इमर्जन्सीत येणारे युरॉलॉजीचे पेशंट ठळकपणे कमी झाले. आता मुतखडे काही लॉकडाऊन बघून व्हायचे थांबत नाहीत, त्यामुळे ते पेशंट घरीच होते हे उघड आहे. काहींचा खडा घरीच पडून गेला असेल, चांगलंच झालं. पण जे आले त्यांच्यात इन्फेक्शन झालेले, किडनीवर परिणाम झालेले, लगेच ॲडमिट करावे लागणारे जास्त होते असं अनेक ठिकाणच्या डॉक्टरांनी नोंदवलं. अंडकोषाच्या पिळाबाबत मात्र चित्र एकसारखं नाही, काही ठिकाणी मुलं उशिरा आली आणि जास्त अंडकोष काढावे लागले, काही ठिकाणी काहीच फरक दिसला नाही, बहुधा शाळा बंद, आईवडील घरात, त्यामुळे लगेच कळलं असेल. सरसकट "साथीनं सगळं बिघडलं" म्हणणंही बरोबर नाही.

मुतखडा आहे आणि ताप आलाय. साथीचा ताप की मुतखड्याचा?

घरी बसून ठरवता येत नाही, आणि ठरवायचा प्रयत्नही करू नका. सगळ्या यादीत हा प्रकार मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. खडा किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत अडकला की वरची लघवी तुंबते, तिच्यात जंतू वाढले की ती पू झाल्यासारखी होते आणि दाबामुळे जंतू थेट रक्तात जातात. माणूस दुपारी कुडकुडतोय आणि रात्री बीपी कोसळलाय, असं होऊ शकतं. नुसत्या अँटिबायोटिकनं भागत नाही, कारण औषध अडकलेल्या जागी पुरेसं पोचत नाही, तुंबलेलं बाहेर काढावंच लागतं, एक तर आतून स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत राहणारी बारीक नळी) टाकून नाहीतर पाठीतून किडनीत बारीक नळी घालून.

कोविडच्या काळात असे पेशंट आधी तापाच्या रांगेत उभे राहायचे, स्वॅब द्यायचे आणि रिपोर्टची वाट बघत घरी क्वारंटाईन व्हायचे. म्हणून पोचल्या पोचल्या पहिल्याच माणसाला हे वाक्य सांगा: "मुतखडा आहे, कुशीत दुखतंय आणि थंडी वाजून ताप आलाय." ताप एवढंच सांगितलं तर तुम्हाला तापाच्याच वॉर्डात पाठवणार.

उलटंही व्हायचं बरं का. मुतखड्यासाठी पोटाचा सीटी काढला की वरच्या टोकाला फुप्फुसांचा खालचा भाग थोडासा येतो, आणि खोकला-बिकला काही नसलेल्या पेशंटच्या त्या कोपऱ्यात कोविडचे डाग दिसायचे. आला मुतखड्यासाठी, कळलं भलतंच.

ताप नाही, नुसत्या कळा येताहेत. घरी थांबलं तर चालेल?

कधी कधी चालतं. आधी मुतखड्याचं निदान झालेलं असेल, दोन्ही किडन्या ठीक असतील, गोळीनं दुखणं आटोक्यात येत असेल, पाणी पोटात टिकत असेल आणि लघवी होत असेल तर डॉक्टरांशी फोनवर बोलून घरी थांबता येतं. ५ मिलिमीटरपर्यंतच्या खड्यांपैकी साधारण दोन तृतीयांश आपोआप पडतात, ५ ते १० मधले जेमतेम निम्मे. पण वाट बघायची म्हणजे महिनोन् महिने नाही, चार ते सहा आठवड्यांत पडला नाही तर पुन्हा दाखवायचं, कारण दुखणं थांबलं म्हणजे खडा पडला असं नसतं, अडकलेला खडा शांत राहूनही किडनी खराब करतो. लाटेत हेच झालं, कळा थांबल्या, लोक विसरले.

पाणी ढसाढसा पिऊन खडा ढकलला जाईल हा समज सोडा, कळ चालू असताना त्यानं दुखणं वाढतंच.

गोळ्यांबद्दल: मार्च २०२० मध्ये आयब्युप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळीनं कोविड बळावतो अशी जबरदस्त भीती पसरली आणि लोकांनी त्या जातीची सगळीच औषधं सोडली. कळांवर तर डायक्लोफेनॅकसारखी त्याच जातीची औषधं सगळ्यात चांगली चालतात! १८ मार्चलाच जागतिक आरोग्य संघटनेनं आपण आयब्युप्रोफेन टाळा असं म्हणत नाही हे स्पष्ट केलं, पण भीती पोचते त्या वेगानं खुलासा कधी पोचतोय. किडनी कमजोर असेल, अल्सर असेल, हार्टचा त्रास असेल तर मात्र ही औषधं स्वतःच्या मनानं नकोत.

खडा काढला नाही, नुसता स्टेंट टाकून घरी पाठवलं. टाळलं का आम्हाला?

टाळलं नाही. साथीत व्हेंटिलेटर, भूलतज्ज्ञ आणि आयसीयूचे बेड दुसरीकडे लागलेले असतात, ओटीतली निम्मी माणसं कोविड वॉर्डात ड्युटीला, अशा वेळी कमीत कमी वेळात आणि शक्यतो पूर्ण भूल न देता किडनी मोकळी करायची आणि खडा नंतर काढायचा हा शहाणपणाचा हिशोब असतो. इन्फेक्शन असेल तर तसाही त्याच वेळी खडा फोडत नाहीत, साथ असो वा नसो.

मग तो स्टेंट कधी काढायचा? मला तारीख दिली होती ती रद्द झाली.

हा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत. साधा स्टेंट बहुतेक वेळा तीन महिन्यांच्या आत काढायचा किंवा बदलायचा असतो, काही प्रकार जास्त टिकतात, ते तुमच्या कागदावर लिहिलेलं असतं. जास्त राहिला की त्याच्यावर क्षार साचून खडा तयार होतो, वरचं टोक किडनीत आणि खालचं मूत्राशयात दगडासारखं होतं, आणि मग पाच-दहा मिनिटांचं काम होतं तिथे दोन-तीन ऑपरेशनं लागतात, तोवर किडनीही गेलेली असू शकते. म्हणजे पहिल्या इमर्जन्सीवरचा तात्पुरता उपाय हीच पुढची इमर्जन्सी. त्रास होत नाही म्हणून आत ठेवायचा नाही. तारीख रद्द झाली तर त्याच फोनवर पुढची तारीख मागून घ्या, आणि "ऑपरेशन राहिलंय" असं न म्हणता "स्टेंट आत आहे, अमुक तारखेला टाकलाय" असं म्हणा. स्टेंट काढणं बऱ्याचदा जागा बधिर करून, ओपीडीतच होतं, त्यामुळे मोठी ऑपरेशनं बंद असली तरी हे करून मिळू शकतं.

बाबांची लघवी अडकली आहे. हॉस्पिटलमध्ये न्यायचंच का?

हो. कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालावा लागेल, आणि त्याला युरॉलॉजिस्टच पाहिजे असं नाही, कॅज्युअल्टीतला कुठलाही डॉक्टर किंवा अनुभवी नर्स घालू शकते. नाहीच गेला तर ओटीपोटातून नळी घालतात. साधारण ४००-५०० मिली मावणाऱ्या मूत्राशयात लिटरभर लघवी साठलेला माणूस किती तळमळत असतो हे एकदा बघितलं की कुणी घरी थांबवणार नाही.

साथीत एक गंमत नव्हे पण खास गोष्ट दिसते. सर्दी-खोकला झाला की लोक मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणतात, त्यातल्या नाक मोकळं करणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या औषधांनी प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडकू शकते. त्यामुळे गेल्या दोन-तीन दिवसांत काय काय घेतलं ते सांगा, गोळीची पट्टी सोबत न्या.

आणि एक प्रकार न दुखणारा असतो: लघवी थेंब थेंब गळत राहते, कपडे ओले होतात, घरच्यांना वाटतं वयामुळे कंट्रोल गेला. प्रत्यक्षात मूत्राशय काठोकाठ भरून वाहत असतं आणि किडनीवर दाब येत असतो. भूक गेली, पाय सुजले, माणूस गुंगीत वाटायला लागला तर वाट बघू नका. अशांची लघवी नळीनं मोकळी केल्यावर पुढचे काही तास भसाभस लघवी होत राहू शकते, म्हणून लगेच घरी सोडत नाहीत.

कॅथेटर घालून घरी आलो. आता ऑपरेशनची तारीखच नाही, किती दिवस राहणार?

आधी टॅम्सुलोसिनसारखी लघवीची वाट सैल करणारी गोळी देऊन काही दिवसांनी नळी काढून बघतात, बऱ्याच जणांची लघवी मोकळी होते. (या गोळीनं उठताना चक्कर येऊ शकते, सावकाश उठा.) नाही झाली तर नळी राहते. सिलिकॉनची असेल तर साधारण १२ आठवड्यांपर्यंत, साधी रबराची असेल तर त्याच्या बरीच आधी बदलायची. नळीला जोडलेली लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली ठेवा, नळीला वाक पडू देऊ नका, हात धुऊनच हात लावा. नळी आत असताना लघवीत थोडेफार जंतू निघणारच, ताप किंवा त्रास नसेल तर त्यासाठी अँटिबायोटिक लागत नाही. पिशवीत लघवीच येत नाही आणि पोट दुखतंय, किंवा ताप आलाय, तर निघा.

लघवी एकदा लाल झाली, नंतर साफ. दुखलंही नाही. लाट ओसरल्यावर दाखवू?

रात्री धावत जायची गरज नाही, पण लाट ओसरेपर्यंतही नको. न दुखता एकदाच रक्त जाणं हे मूत्राशयाच्या कॅन्सरचं अगदी नेहमीचं पहिलं लक्षण आहे, आणि साथीतही ही तपासणी मागे ढकलायच्या यादीत नसते. त्याच आठवड्यात फोन करा. गाठी पडायला लागल्या की मात्र तो प्रश्न वेगळा, गाठींनी लघवी अडकते, तेव्हा लगेच.

टेस्टचा रिपोर्ट आल्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत का?

जिथे तास मोजायचे आहेत तिथे थांबत नाहीत. साथीत स्वॅब घेतात, आणि रिपोर्ट येईपर्यंत तुम्ही पॉझिटिव्हच आहात असं धरून पीपीई (अंगभर संरक्षक पोशाख) घालून ऑपरेशन करतात. त्या तयारीत थोडा वेळ जातो हे खरं आहे, म्हणून तर घरून लवकर निघायचं.

पॉझिटिव्ह असताना ऑपरेशन केलं तर किती धोका?

सुरुवातीच्या काळात बराच होता. २०२० च्या मे महिन्यात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २४ देशांतल्या ११२८ पेशंटचा अभ्यास आला, ऑपरेशनच्या आसपास कोविड झालेल्यांपैकी २३.८ टक्के ३० दिवसांत दगावले आणि निम्म्यांना फुप्फुसाचा त्रास झाला. हे लसीच्या आधीचे आकडे, त्यात वयस्कर आणि इमर्जन्सीचे पेशंट भरपूर, त्यामुळे आजच्या धडधाकट माणसाला ते जसेच्या तसे लावायचे नाहीत. नंतरच्या एका खूप मोठ्या अभ्यासातून, जमत असेल तर कोविडनंतर सात आठवडे ऑपरेशन टाळा, असं निघालं. पण "जमत असेल तर" हे शब्द महत्त्वाचे, पूनं भरलेली किडनी सात आठवडे थांबत नाही. तिथे धोका कमी करायचा म्हणजे ऑपरेशन छोटं करायचं, कमरेतून किंवा जागेवर भूल द्यायची.

लघवीतून कोविड पसरतो का?

लघवीत हा विषाणू फार क्वचित सापडला. हात धुणं, ग्लोव्ह्ज, एवढं पुरे.

कोविडमुळेच युरॉलॉजीची इमर्जन्सी होते का?

होते. गंभीर पेशंटच्या किडन्या बसतात. रक्त पातळ करायच्या इंजेक्शनांनी लघवीतून रक्त जातं, त्यात गोंधळलेल्या पेशंटनं कॅथेटर आतला धरून ठेवणारा फुगा फुगलेला असतानाच ओढून काढला तर बघायलाच नको. रक्त गोठण्याच्या प्रवृत्तीमुळे ताठरपणा न उतरल्याच्या तुरळक केसेस नोंदल्या गेल्या. स्टिरॉइडनं शुगर वाढून जांघेतलं इन्फेक्शन झपाट्यानं पसरू शकतं. आणि एक क्षुल्लक वाटणारं, कॅथेटर घालताना मागे सारलेली कातडी पुढे आणायची राहिली तर तासाभरात सूज चढते, पीपीईमध्ये घामाघूम झालेल्या, दुसऱ्या डिपार्टमेंटमधून आलेल्या माणसाकडून हे राहू शकतं. पेशंटजवळ असाल तर निःसंकोच विचारा.

व्हिडिओ कॉलवर भागेल का?

रिपोर्ट दाखवणं, गोळ्या बदलणं, स्टेंटची तारीख, यायचं की नाही हे विचारणं, यासाठी उत्तम. अंडकोष हात लावून तपासावा लागतो, तो कॅमेऱ्यावर नाही.

जवळच्या हॉस्पिटलनं फक्त कोविड घेतो म्हणून परत पाठवलं तर?

निघायच्या आधी फोन करता आला तर करा, पण पोचलातच तर दारातून परत फिरू नका, निदान एवढं मागा: कॅथेटर घालून द्या, पेनकिलर आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस द्या, मागे गेलेली कातडी पुढे आणून द्या, आणि पुढच्या हॉस्पिटलला तुम्हीच फोन करा. अंडकोषाचा पीळ काही वेळा डॉक्टर हातानंही सोडवून बघतात, त्यानं वेळ मिळतो, नंतर ऑपरेशन लागतंच. हे घरी करून बघायचं नाही.

सोबत कोण येऊ शकतं, काय न्यायचं?

बहुतेक वेळा एकच माणूस, तोही बाहेरच. म्हणून औषधांची यादी, ॲलर्जी, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, शेवटचं कधी खाल्लं आणि त्रास किती वाजता सुरू झाला हे एका कागदावर लिहून पेशंटच्या खिशात ठेवा. चार्जर, चष्मा, कानाचं मशीन. कानाचं मशीन विसरलेल्या आजोबांना मास्कच्या आडून बोलणाऱ्या डॉक्टरचं एक अक्षर कळत नाही आणि ते सगळ्याला हो म्हणतात.

लाट ओसरली, आता माझा नंबर कधी?

रांग तारखेनुसार लागत नाही, धोक्यानुसार लागते. कॅन्सरचा संशय, आत राहिलेला स्टेंट, एकच किडनी, वारंवार येणारं इन्फेक्शन, यांना आधी घेतात. तुमच्या फाईलमध्ये जे लिहिलंय ते लाटेच्या आधीचं असतं, मधल्या काळात दोनदा ताप आला किंवा कॅथेटर लागला हे तिथे कुणाला माहीतच नसतं. फोन करा आणि ते नोंदवायला सांगा, नंबर वर सरकू शकतो.